देवाचे शॉट

मी काय काम करते हे सांगायला मला दोन वाक्यं लागतात, आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत समोरच्याचं लक्ष उडालेलं असतं. म्हणून घरात आम्ही ते सोपं करून टाकलं आहे. कोणी विचारलं की आई सांगते, "ती लोखंडाचे फोटो काढते." बाबा त्यात थोडी भर घालतात, "मुलुंडला. फार मोठं मशीन आहे." पुढे कोणी विचारत नाही.

आमच्या संध्याकाळच्या वर्गांच्या दिवाळी अंकासाठी मॅडमनी मात्र विचारलं. मी आयटीआय करून नोकरीला लागले आणि बरीच वर्षं नोकरी झाल्यावर पदवीला नाव घातलं. आजोबा गिरणीत होते, बाबा लिफ्ट दुरुस्तीला जातात. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. त्यामुळे लेख लिहायचा म्हटल्यावर आधी मी नको म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "अगं, तू रोज जे करतेस ते आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. तेवढंच लिही." म्हणून लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

हात मोडला की डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात. तसंच पोलादाचं असतं. मोठा व्हॉल्व्ह ओतून तयार करताना आत हवेचा फुगा राहतो, वाळू अडकते, थंड होताना चीर पडते. बाहेरून काही कळत नाही. तो व्हॉल्व्ह उद्या एखाद्या कारखान्यात वाफेच्या दाबाखाली बसणार असतो, म्हणून आत काय आहे ते आधी बघावं लागतं. वीतभर जाडीच्या पोलादाला दवाखान्यातला एक्स-रे पुरत नाही. त्यासाठी आमचं मशीन आहे.

मशीनच्या पोटात तांब्याची एक नळी आहे. तिच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग असतो, त्याला गन म्हणतात. मायक्रोवेव्हच्या लाटा त्या इलेक्ट्रॉनना नळीतून ढकलत नेतात आणि दुसऱ्या टोकाच्या टंगस्टनच्या तुकड्यावर आपटतात. तिथून एक्स-रे निघतात, समोरच्या पोलादातून आरपार जातात आणि पलीकडच्या पॅनलवर चित्र उमटतं. हे सगळं जाड काँक्रीटच्या खोलीत होतं. आम्ही बाहेर असतो. मशीन सुरू करण्यापूर्वी खोलीत फिरून, कोणी राहिलं नाही ना बघून, आतलं बटण दाबून यावं लागतं. ते काम माझं. छातीवर एक बिल्ला लावलेला असतो, किरण लागले तर त्यावर नोंद होते. पहिल्या वर्षी आई तो बिल्ला देव्हाऱ्यापासून लांब ठेवायला लावायची. आता तीच सकाळी आठवण करते, "बिल्ला घेतलास का?"

गंमत म्हणजे हे किरण सतत निघत नाहीत, ठोक्याठोक्यानं निघतात. आम्ही त्याला पल्स म्हणतो. एका सेकंदात असे शेकडो पल्स होतात आणि एकेक इतका छोटा असतो की सेकंदाचे लाखो तुकडे करून मोजावा लागतो. आपल्याला ऐकू येते ती नुसती घरघर.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एकदा जोगेश्वरीकडच्या एका देवळाचे ट्रस्टी रिक्षात घंटा घालून घेऊन आले. घंटेचा आवाज बद्द येऊ लागला होता. चित्र काढलं तर काठापाशी बारीक चीर. एक ट्रस्टी दुसऱ्याला म्हणाले, "मी सांगत होतो ना, तुमच्या नातवाला उचलून घेऊ नका. लोंबकळतो तो." दुसरे माझ्याकडे वळले, "बाई, ही चीर किती जुनी आहे ते दिसतं का यात?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

आमच्या जागेची एक पद्धत आहे. एकदा किरण सोडून थांबवले की आम्ही त्याला एक शॉट म्हणतो; सकाळी मशीन चालू केलं की पहिले काही शॉट कुठल्याच गिऱ्हाइकाचे नसतात. रात्रभर थंड पडलेली नळी गरम व्हायला, तिच्याभोवती फिरणाऱ्या पाण्याचं तापमान स्थिर व्हायला वेळ लागतो, तोवर किरण भरवशाचे नसतात. मग समोर काहीही न ठेवता शॉट मारायचे. त्याला आमच्याकडे 'देवाचे शॉट' म्हणतात. हे नाव कोणी पाडलं माहीत नाही. जाधवसाहेब म्हणतात, ते आले तेव्हाही हेच होतं. जाधवसाहेब आमचे इंजिनिअर, निवृत्तीला आलेले. मशीनचा प्रत्येक स्क्रू त्यांनी कधी ना कधी काढलेला आहे.

दळवीकाकांना ही पद्धत तोंडपाठ होती. ते आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. घाटकोपरला त्यांचं व्हॉल्व्हचं छोटं वर्कशॉप आहे. ओतकाम बाहेरून येतं, मशीनिंग आणि वेल्डिंग ते स्वतः करतात. ओतकामात दोष निघाला तर तेवढी जागा कोरून काढायची आणि वेल्डिंगनं भरायची, हे त्यांचं खास काम. तपासायला आणलेल्या प्रत्येक जॉबबरोबर काका स्वतः टेंपोत बसून येत आणि बाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसत. खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला की आतल्या व्हॉल्व्हबद्दल शेजारच्याला सांगत, "पोर आत गेली माझी." दिवा विझला की हाक, "झाला काय गो, बाय?"

मी सांगते आहे तो जॉब एका मोठ्या व्हॉल्व्हचा होता. त्याच्या मानेपाशी दोन ठिकाणी दुरुस्ती केली होती, अगदी शेजारी शेजारी. एक काकांनी वेल्ड केलेली, दुसरी त्यांच्या मुलानं, महेशनं. महेश तिशीचा, वर्कशॉपात वडिलांच्या हाताखाली बरीच वर्षं काढलेला. पण इतक्या जाड कामावर त्याला हात लावू दिला तो पहिल्यांदाच. त्या दिवशी तोही टेंपोबरोबर आला होता.

मी दोन्ही जागांवर शिशाची अक्षरं चिकटवली, म्हणजे चित्रात कुठली जागा कुठली ते कळतं. काकांची 'ए', महेशची 'बी'. चित्र आलं तेव्हा दोन्ही अक्षरांच्या मध्ये एक धुरकट डाग होता. दोष म्हणावा तर कडा नाही, नाही म्हणावं तर काहीतरी आहे. जाधवसाहेबांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. मग जॉबवर ठेवलेल्या तारांच्या पट्टीकडे बोट केलं. त्या पट्टीत एकीपेक्षा एक बारीक तारा असतात. जितकी बारीक तार दिसेल तितकं चित्र चांगलं. आमच्या चित्रात नियमापुरत्या तारा दिसत होत्या, त्याच्या पुढे एकही नाही.

"आपण पास आहोत," साहेब म्हणाले, "पण काठावर."

मी बाहेर जाऊन सांगितलं की नक्की सांगता येत नाही, जॉब चार दिवस ठेवून जा.

काका महेशकडे वळले. "मी तुका सांगितला होता, तळाक नीट घासून घे."

"घासलं होतं बाबा."

"घासलं होतं तर ता काय दिसता?"

"ती म्हणतेय ना, दिसत नाही म्हणून."

"आता बाहेर जातंयस तर जा," काका म्हणाले. "कतारवाल्याक हो सांग. मी शटर खाली ओढतंय. बिल्डर कधीचो मागे लागलो हा."

महेश टेंपोची दोरी गुंडाळत राहिला. मला तेव्हा कळलं की दोघांत आधीच बोलणं झालेलं आहे. महेशचं वेल्डिंग पास झालं तर वर्कशॉप महेशचं, नाही झालं तर महेश कतारला. तो धुरकट डाग कुणाचा यावर ते ठरणार होतं, आणि ते सांगायचं काम आमच्याकडे होतं.

चित्र धूसर येत होतं हे त्या दिवशीचं नव्हतं. गेली काही वर्षं ते हळूहळू मऊ पडत चाललं होतं. आम्ही पॅनल तपासलं, शिशाचे पडदे बदलले, जॉब लांब-जवळ करून पाहिला. मशीनकडे कोणी संशयानं पाहिलं नाही, कारण मशीनचा डोस उत्तम होता. डोस म्हणजे किती किरण निघतात त्याचं माप. आमच्या धंद्यात सगळे त्याच काट्याकडे बघतात. डोस जास्त तर शॉट लवकर संपतो, दिवसात जास्त जॉब होतात. काटा जरा खाली आला की गनचा एक नॉब असतो तो थोडा फिरवायचा, काटा वर. सगळे खूश.

त्या आठवड्यात वर्गात आम्हाला सर्किट शिकवत होते. विजेचा दाब दिला की लगेच करंट स्थिर होत नाही, आधी चढतो, हेलकावतो, मग बसतो. प्रॅक्टिकलला मी ते, करंटची रेघ काढून दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर पाहिलं. छोटासा उंचवटा आणि मग सपाट रेघ. त्या उंचवट्याकडे बघताना मला आमचे देवाचे शॉट आठवले. वर्गात बोलायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं, तेही चाचरत.

"साहेब, आपण सकाळचे पहिले शॉट सोडून देतो ना?"

"मग?"

"तसं… प्रत्येक पल्सचं पण असेल का? म्हणजे सुरुवातीचा भाग… तो पण तयार नसेल."

साहेबांनी हातातलं काम खाली ठेवलं. मला वाटलं, मी काहीतरी वेडगळ बोलले. मग ते म्हणाले, "स्कोप आण."

मशीनला स्कोप लावून किती काळ लोटला होता कोणास ठाऊक. साहेबांनी दोन सिग्नल लावले. वरच्या रेघेत लाटांची ताकद, खालच्या रेघेत टंगस्टनवर पोचणाऱ्या इलेक्ट्रॉनचा करंट. चांगला पल्स टेबलासारखा दिसावा, बाजू उभ्या आणि माथा सपाट. आमचा माथा मध्ये बसलेल्या खाटेसारखा होता. आणि त्याहून वाईट म्हणजे खालची रेघ वरच्या रेघेच्या आधीच उठत होती. नळीत लाटा पुरत्या भरायच्या आत गन इलेक्ट्रॉन सोडत होती. त्या पहिल्या इलेक्ट्रॉनना पुरता धक्का मिळत नव्हता. ते रेंगाळत, फाकत जायचे आणि टंगस्टनवर एका बिंदूत न पडता सांडल्यासारखे पसरायचे.

हे घरी समजावताना मी बाबांना बल्ब आणि ट्यूबलाइट दाखवली होती. छोट्या बल्बसमोर हात धरला की सावलीची कड तीक्ष्ण येते. ट्यूबलाइटसमोर तोच हात धरला की कड विरघळते. उजेड मात्र ट्यूबलाइटचाच जास्त. नॉब फिरवला की गन जरा आधी सुटायची, आणि आमचं मशीन दर वेळी थोडं थोडं ट्यूबलाइट होत गेलं होतं. काटा नुसतं किती ते सांगतो, कसलं ते सांगत नाही.

साहेबांनी नॉबवर हात ठेवला. "हा मीच फिरवत आलोय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पुढचा भाग कापून टाकता येईल का?"

"कापता येत नाही गं. पण गनला थांबवता येतं." त्यांनी नॉब उलटा फिरवला. खालची रेघ मागे सरकू लागली. "लाटा भरू दे आधी. मग सोड."

"म्हणजे पल्सचा पहिला भाग देवाचा."

साहेब हसले. "बरं, देवाचा."

नॉब कुठवर न्यायचा यात बराच वेळ गेला. फार उशिरा सोडलं तर पहिल्या इलेक्ट्रॉनना गरजेपेक्षा जोराचा धक्का बसतो, कारण भरलेली सगळी ताकद त्यांनाच मिळते. मागून येणाऱ्यांना उरलेली. तेही चालत नाही. सगळ्यांना सारखा धक्का मिळेल अशी एकच जागा असते आणि ती हळूहळू शोधावी लागते. माथ्याचा खळगा काढायला साहेबांनी मशीन बंद करून, त्यात साठलेली वीज उतरवून, पल्स तयार करणाऱ्या कपाटात हात घातला. तिथल्या कॉइली ते केसभर सरकवायचे, बाहेर यायचे, शॉट मारायचा, स्कोप बघायचा, पुन्हा आत. मी रेघ बघून सांगायची, "अजून… अजून… आता उलट फुगली, साहेब."

आमच्या मालकीणबाई, साठेमॅडम, मध्येच येऊन काटा बघून गेल्या. "डोस खाली का आलाय?"

"चित्र सुधारतंय, मॅडम," साहेब म्हणाले.

"आणि जॉब कमी होणार त्याचं काय?"

साहेबांनी मला तारांची पट्टी लावायला सांगितली. जाड पोलादाचा ठोकळा ठेवून चित्र काढलं. नियमापुरत्या तारा दिसल्या, त्यापुढची एक दिसली, आणि त्याहीपुढची, पुसट, पण होती. मॅडम पडद्यापाशी वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाड जॉबना हे सेटिंग ठेवा. पातळ जॉबचं नंतर बघू." त्यांच्या तोंडून याला शाबासकी म्हणतात.

मग दळवीकाकांचा व्हॉल्व्ह आत नेला. 'ए' आणि 'बी' पुन्हा चिकटवले. खोलीतून फिरून आले, बटण दाबलं, दार लावलं. या वेळी शॉट जास्त वेळ चालला.

चित्रात डाग नव्हता. 'बी'ची जागा साफ होती. आजूबाजूच्या पोलादात ती वेगळी ओळखूही येत नव्हती. 'ए'च्या कडेला एक बारीक काळी रेघ होती. सरळ, तीक्ष्ण, वेल्डिंगच्या काठाकाठानं गेलेली. वेल्डिंग पोलादाला धरलंच नाही की अशी रेघ येते. त्यात वाद घालायला जागा नसते.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "उद्या सकाळी येतील ते. तू सांग. तुझं ऐकतात."

मला ते नको होतं. शाळेपासून मला एक सवय आहे, वाईट काही सांगायचं असलं की मी आधी तीन चांगली वाक्यं शोधते. त्या रात्री जेवताना मी ती शोधत होते. बाबांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "हातावर जगलेला माणूस आहे तो. त्याला उगाच गोडगोड बोलू नकोस. बघू दे स्वतः."

सकाळी काका आले तेव्हा देवाचे शॉट चालू होते. महेश टेंपोपाशीच थांबला. काका बाकावर बसले, चहा नको म्हणाले. लाल दिवा विझल्यावर हाक आली नाही. मीच दार उघडलं.

"देवाचे झाले?" त्यांनी विचारलं.

"झाले, काका. या आत. चित्र लावलंय."

ते पडद्यासमोर उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला. आधी बोट 'बी'वर गेलं.

"ही महेशची."

"हो."

"साफ हा."

"हो, काका."

बोट हळूहळू डावीकडे सरकलं आणि रेघेपाशी थांबलं. त्यांनी रेघेवरून बोट वरून खालपर्यंत नेलं, जसं वेल्डिंग तपासताना नेतात. मग 'ए' अक्षरावर ठेवलं.

"ही माझी गो," ते म्हणाले.

साहेब पुढे झाले. "दळवी, दोन दिवसांचं काम आहे. कोरून परत भरा."

काकांनी मान हलवली. त्यांचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे होतं. तो त्यांनी समोर धरला होता, पंजा उघडा, बोटं पसरलेली. बोटांची टोकं थोडी हलत होती. मला ते आधी कधी दिसलं नव्हतं. कदाचित त्यांनाही नसेल.

"आधीच्या चित्रात ह्या दिसला नाय," ते म्हणाले. "त्याच्या आधीच्याही जॉबांत नसात दिसला."

हे वाक्य माझ्या मनातही रात्रभर होतं. आमचं मशीन धूसर झालं होतं त्या काळातले सगळे जॉब नियमानं पास झाले होते. तारा पुरेशा दिसल्या होत्या. पण पुरेशा म्हणजे तेवढ्याच.

साहेब म्हणाले, "त्या काळातले तुमचे मोठे जॉब कुठे गेलेत ते तुम्हाला ठाऊक आहे. कळवा त्यांना. परत आणले तर आपण नवं चित्र काढून देऊ. मी मॅडमशी बोलतो."

"कळवतंय," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "महेशाक तू काय सांगू नको. मी सांगतंय."

खिडकीतून मला ते दोघं दिसत होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही. काका बराच वेळ बोलले, हातानं व्हॉल्व्हचा गोल दाखवला, त्यावर एक जागा दाखवली. महेश खाली बघत होता. मग काकांनी किल्ल्यांचा जुडगा काढून टेंपोच्या बॉनेटवर ठेवला. महेशनं तो लगेच उचलला नाही. दोघं मिळून व्हॉल्व्ह टेंपोत चढवला, दोरी आवळली, आणि मग निघताना त्यानं उचलला.

'ए'ची जागा महेशनं पुन्हा भरली. तो जॉब पास झाला. तो कतारला गेला नाही.

काकांनी कळवलेल्यांपैकी काहींनी जॉब परत पाठवले, काहींनी फोनच उचलला नाही. आलेल्यांपैकी एकात दोष निघाला, बाकीचे साफ होते. जे आलेच नाहीत त्यांचा विचार मला अजून कधीकधी वर्गात बसल्या बसल्या येतो. साहेबांना मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "यायलाच पाहिजे. ज्याला येत नाही त्यानं हे काम करू नये."

खंडेनवमीला आम्ही मशीनला झेंडूचा हार घालतो. त्या वर्षी पूजा झाल्यावर साहेबांनी माझ्याकडून लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि गनच्या नॉबपासून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक आडवी रेघ ओढली. डोससाठी कोणी नॉब फिरवला तर रेघ तुटलेली दिसेल. साहेब आता निवृत्त झाले आहेत. दर खंडेनवमीला ती रेघ मी नव्यानं ओढते.

दळवीकाका मध्यंतरी एकदा आले. टेंपो महेश चालवत होता, काका शेजारी. त्यांच्याबरोबर एक जुना, गंजलेला व्हॉल्व्ह होता. कुठल्याशा कारखान्यानं खूप वर्षं वापरून काढून टाकलेला, काकांनी मागून आणलेला. मानेपाशी दुरुस्तीची जागा होती.

"ह्याचा कागद नको, रिपोर्ट नको," ते म्हणाले. "माका फक्त बघूचा हा."

मी त्यांच्याकडे बघून विचारलं, "कोणाचं वेल्डिंग, काका?"

"तू आधी काढ."

मी अक्षर चिकटवलं, खोलीतून फिरून आले, दार लावलं. काका या वेळी बाकावर बसले नाहीत, माझ्या मागे उभे राहिले. चित्र हळूहळू भरत आलं. सगळ्यात बारीक तार दिसत होती. वेल्डिंगची जागा शोधावी लागली, इतकी ती पोलादात मिसळून गेली होती.

काकांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"तेव्हा हात होतो गो," ते म्हणाले, आणि बाहेर महेशला चित्र बघायला बोलवायला गेले.